तू बसून राहिलीस तो दिवस

सुनंदा,

मंडळाच्या मुंबईकरांनी स्मरणिकेसाठी तुझ्यावर चार चांगले शब्द मागितले आहेत. माझं नाव पुढे आलं, कारण मी अंगणवाडीत आहे, माझं अक्षर बरं आहे आणि मी तुझी मोठी जाऊ. तुझा फोटो ते आधीच घेऊन गेले. हळदीकुंकवाचा आहे. त्यात तू कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे डोळे वटारून बघते आहेस, कारण फोटो काढताना मी तुझा पदर ओढून सारखा करत होते. बाजूला मी आहे, मला ते कापणार आहेत. म्हणजे स्मरणिकेत तू नुसतीच कुणावर तरी रागावलेली दिसशील आणि कुणावर ते कुणाला कळणार नाही.

चार चांगले शब्द माझ्याकडे नाहीत. तेराव्यापर्यंत ते मी पोटभर ऐकले. सुनंदा शांत होती, सुनंदा सोशीक होती, सुनंदाने कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. मी भाताच्या टोपापाशी उभी राहून ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. उलट उत्तर दिलं नाही? तू? लग्न होऊन आलीस तेव्हा मला 'वैनी, तुमी' म्हणायचीस. पहिल्याच वर्षी बांगड्याच्या कालवणावरून आपलं वाजलं. मी तिरफळं अख्खी घालते, तू ठेचून घातलीस, आणि मी बोलले तर पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिलीस. त्या भांडणात तू 'तुमी'वरून 'तू'वर आलीस ती कायमची. त्यानंतर एवढ्या वर्षांत आपण भांडलो नाही असा दिवस सापडायचा नाही. आपले नवरे मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणार. मग उरलेलं वर्षभर बोलायचं कुणाशी? आपण एकमेकींशी भांडून बोलायचो.

तू गेल्यावर भेटायला आलेली एक बाई म्हणाली, सुटली बिचारी. मी तिच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि कशातून सुटली ते सांग म्हटलं. वाडीत आता बोललं जातंय की मोठ्या जावेच्या डोक्यावर परिणाम झालाय. होऊ दे. तेरावं झालं, पाहुणे गेले, पडवीतल्या सतरंज्या झाडून ठेवल्या. आता मला तुझ्याशी भांडायचं आहे आणि मला थांबवायला कुणी नाही.

तुझं पहिलं पडणं घाटीतलं. खालच्या मळ्यातून गवताचे भारे घेऊन आपण वर येत होतो, तू पुढे, मी मागे. आधी भारा गेला, मग तू. मी माझा भारा टाकून धावले. तुझे ओठ काळेनिळे, डोळे अर्धे उघडे, पण त्यात तू नाहीस. मी हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. मग तू श्वास ओढलास, डोळे उघडलेस आणि पहिलं काय विचारलंस, तर भारा सुटला का. उठून दोरी आवळलीस आणि परत डोक्यावर घ्यायला निघालीस. पाय सरकला म्हणालीस. मी तुझ्या मागेच होते, सुनंदा. तुझा पाय सरकला नव्हता. घरातली लाईट जावी तशी तू उभ्याउभ्या गेली होतीस.

दुसऱ्यांदा वरच्या वाडीतल्या लग्नात, पोरांनी वरातीत मोठा फटाका लावला तेव्हा. तिसऱ्यांदा विहिरीवर, कुत्रं कोंबडीच्या मागे लागलं म्हणून तू त्याच्या मागे लागलीस तेव्हा. पुढची मी मोजली नाहीत. प्रत्येक वेळी तसंच. तू जायचीस, थोड्या वेळाने परत यायचीस आणि विचारायचीस, काय झालं गो? जसं काही मीच काहीतरी केलं होतं.

उत्तर सगळ्यांकडे तयार होतं. एका डॉक्टरने डोळ्याची पापणी खाली ओढून रक्त कमी म्हणून सांगितलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याने फिट ठरवली. त्याच्या गोळ्यांनी तू जेवताना ताटावर पेंगायला लागलीस. तिसऱ्याने तुझ्याकडे बघितलंही नाही, मला विचारलं, यांचे मिस्टर बाहेरगावी असतात का? मी हो म्हटल्यावर त्याने मान हलवली आणि मनाचा ताण लिहून मोकळा झाला. गुरवाकडे नारळ ठेवून झाला. चुलत सासूबाईंनी तुझे सोमवार बंद करायला लावले. विलास भावजी मुंबईहून फोनवर म्हणाले, टेन्शन घेऊ नको. घरातली बाई घाटीत मरून परत उठते आणि त्यावर एवढ्या माणसांचं म्हणणं काय, तर कमी विचार कर.

आणि तू सगळ्यांना हो म्हणत गेलीस. मला मात्र गाठून सांगितलंस, "वैनी, कुणाला बोलू नको. पोरीचं बघायला चाललंय. मी पडले तर हलवू नको, माणसं गोळा करू नको. मी उठतंय ना?" हे तू एकदा नाही, दरवेळी सांगितलंस. आणि उठत होतीस. उठायचीस म्हणूनच सगळं बिघडलं. एखादा हात मोडला असता तर तरी कुणी घाबरलं असतं.

शेवटी मीच तुला रत्नागिरीला नेलं. तुला बरं नव्हतं म्हणून नाही, माझ्याच्याने ते बघवत नव्हतं म्हणून. तिथे कोल्हापूरहून आठवड्यातून एकदा हृदयाचे डॉक्टर यायचे आणि त्यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टरीण होती. तुझ्या प्रणालीपेक्षा फार मोठी नसेल. तिने तुझा कार्डिओग्राम पुन्हापुन्हा बघितला आणि मग असा प्रश्न विचारला जो तोवर कुणीच विचारला नव्हता. पडायच्या आधी काय चाललेलं असतं? तुला काही सांगता येईना, कारण तुला ते आठवायचंच नाही. मी सांगितलं. भारा होता, फटाका होता, कुत्र्यामागे धावली. तिने पेन खाली ठेवलं. तुमच्या माहेरी असं अचानक कुणी गेलंय का, विचारलं. तू नाही म्हणालीस. मी म्हटलं, हिचा भाऊ. नदीत पट्टीचा पोहणारा, पोहता पोहता बुडाला.

त्यावर तू एसटीत पालीपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. माझ्या माहेरचं चारचौघांत काढलंस, एवढंच पालीला उतरताना म्हणालीस. सुनंदा, त्या खोलीत चारचौघं नव्हती. तिथे तुला वाचवू बघणारी एक पोर होती आणि मी होते.

डॉक्टरणीचं म्हणणं होतं की तुझ्या हृदयाचे ठोके मधूनच बिघडत असावेत, पण बिघडताना पकडल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात तुझ्या छातीला वायरी चिकटवल्या आणि कमरेला डबीएवढं मशीन बांधलं. दोन दिवस ठेवायचं. तिने नीट समजावलं होतं. अंघोळ करायची नाही, वायरी भिजता कामा नयेत. बाकी रोजची सगळी कामं करायची, मुद्दाम करायची. त्यातलं पहिलं वाक्य तू घरी घेऊन आलीस आणि दुसरं रत्नागिरीच्या स्टँडवर ठेवून आलीस.

त्या दोन दिवसांचा राग माझ्या डोक्यातून जात नाही. दवाखान्यातून आलेली, अंगावर पाणी घेतलेलं नाही, म्हणून तू उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेनास. पडवीत पाय पसरून बसलीस ती बसलीसच. दुसऱ्या दिवशी तर काय, सकाळची अंघोळही नाही. मी आतून ओरडत होते, "अगो ऊठ, चूल पेटव, शेणाची पाटी तरी उचल. डॉक्टरणीने काय सांगितलंय?"

"पारोशी कशी गो शिवू चुलीला?"

"देवाला ठाऊक आहे तुझ्या छातीवर काय बांधलंय ते."

"देवाला ठाऊक आहे. पण मला कसं तरी वाटतं," म्हणालीस. वर म्हणालीस, लोकांची वस्तू आहे, काय झालं तर?

त्या डॉक्टरणीला कुठून माहीत असणार की आपल्याकडच्या बाईला अंघोळ करू नको म्हटलं की तिची चूल बंद, पाणी बंद, देव बंद, गोठा बंद? तिने एक गोष्ट बंद केली आणि तुझा अख्खा दिवस बंद पडला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तू दिवसभर बसलीस, आणि नेमकं तेव्हाच मशीन लावलेलं होतं. वाडीतल्या बाया बाळंतिणीला बघायला यावं तशा येत होत्या, केळी घेऊन. तू पदराचं टोक सारून वायरी दाखवत होतीस. कुणीतरी उशी आणून पाठीला दिली. कुणी जोरात बोललं तर दुसरी गप्प करायची, मशीन लावलंय बाई. मी दोन घरची कामं एकटीने उरकत होते आणि तुझं हृदय तिथे पडवीत गारव्याला बसलं होतं.

रिपोर्ट चांगला आला. काही दोष नाही.

तू देवापुढे साखर ठेवलीस. मशीन जसं दिलं तसं परत केलं, एक वायर तुटू दिली नाही, हे तू ज्याला त्याला सांगत होतीस. भावजी फोनवर हसले, बघ, मी म्हणत होतो. सगळी सुटली त्या रिपोर्टमधून. ताण म्हणणारा सुटला, गुरव सुटला, भावजी सुटले. नुसती ती डॉक्टरीण अडून बसली. रोजची कामं केली ना, तिने विचारलं, आणि तू तिच्या तोंडावर हो म्हणालीस. मी तोंड उघडलं तशी तू टेबलाखालून माझ्या दंडाला चिमटा काढलास. तरी मी सांगितलं, बसून होती म्हणून. डॉक्टरीण रागावली नाही. मग पुन्हा करायला हवं, म्हणाली, जास्त दिवसांचं, कोल्हापूरला. तोपर्यंत धावायचं नाही, जड उचलायचं नाही, दचकवायचं नाही. घरात भांडणतंटा नको. हे तिने माझ्याकडे बघून सांगितलं.

तारीख लवकरची मिळत होती. ती तू पुढे ढकललीस. भावजी गणपतीला येणारच आहेत, ते नेतील, उगाच खाडे कशाला. रिपोर्ट तर चांगला आहे. कोल्हापूर कुठे पळून जातंय का. असं तू म्हणालीस, सुनंदा, आणि मी भांडले नाही, कारण मला भांडायची मनाई होती.

मग आपल्या घराचं जे झालं ते मी कधी विसरणार नाही. मी फोनची रिंग बंद केली. कुकर फडताळात ठेवला आणि टोपात भात शिजवायला लागले, शिट्टी नको म्हणून. मिरजोळ्याच्या कंपनीतून प्रणाली घरी यायची ती गेटापासून आई गो म्हणून बोंबलत यायची, तिला ते बंद करायला लावलं. ती म्हणाली, काकी, असं चोरासारखं घरात यायचं होय? आपला तो भसाड्या आवाजाचा कोंबडा होता, त्याचं एका रविवारी कालवण झालं. तू दोनदा वाढून घेतलंस. आणि मी, जिची हाक खालच्या मळ्यात ऐकू जायची ती मी, घरात कुजबुजत बोलायला लागले.

आणि आपलं मोठं भांडण तसंच अर्धवट पडून राहिलं. शिमगा झाल्यावर तू मला म्हणाली होतीस, "वैनी, मी वेगळी चूल मांडीन म्हणतंय." पडवीच्या कोपऱ्यात दोन चिरे आणूनही ठेवलेस. मी भाकरी थापत होते. हातातला गोळा मी परातीत आपटला. का, म्हणून विचारलं. तू म्हणालीस, नंतर बोलू. नंतर तू पडायला लागलीस, मग डॉक्टर, मग मशीन, मग मनाई. मला रोज विचारायचं होतं. एवढी वर्षं एका चुलीवर खाऊन आता तुला काय कमी पडलं? माझ्या हाताला चव नाही? की प्रणालीच्या लग्नात माझा शब्द पुढे नको? की मी सारखी बोलते ते असह्य झालं? रोज सकाळी ते दोन चिरे बघायचे आणि रोज गिळायचं. तू कालवणात तिरफळं ठेचून घातलीस तरी मी छान झालंय म्हणायचे. घरात दोन पाहुण्या राहत असाव्यात तसं आपलं चाललं होतं.

एकदा तू भांडी घासता घासता म्हणालीस, वैनी, तू बोलत नाहीस तर घर खायला उठतं. मी म्हटलं, डॉक्टरीण बोललीय. तेवढंच. मला तेव्हाच तुला धरून हलवायचं होतं, की मग जा ना कोल्हापूरला, मला बोलायचं आहे तुझ्याशी.

गणपती जवळ आले होते. मी मखर काढायला पोटमाळ्यावर चढणार होते. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, आणि वासराने दावं तोडून परसवातल्या चवळीत तोंड घातलं. तू हातातलं टाकलंस आणि ओरडत त्याच्यामागे धावलीस. धावू नको, मी म्हटलं. म्हटलं म्हणजे काय, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ओरडले. तू चवळीच्या वेलांत पडलीस.

मी पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि तुझ्याशेजारी बसले. तू शिकवलं होतंस तसंच केलं. हलवलं नाही. माणसं गोळा केली नाहीत. वासरू अजून खातच होतं, त्याला मी उठून बांधून आले. परत बसले. मनात तुला बोल लावत होते, की आता डोळे उघडशील आणि विचारशील, काय झालं गो, आणि या वेळी मी सांगणार आहे, काय झालं ते सगळं सांगणार आहे, डॉक्टरीण गेली खड्ड्यात. मी वाट बघत होते. तू विचारलंच नाहीस.

नंतर दवाखान्यात एकाने सांगितलं की तेव्हाच्या तेव्हा छाती दाबायला घेतली असती तर कदाचित वाचल्या असत्या. कदाचित. सुनंदा, मी त्या माणसाची कॉलर धरली नाही एवढंच. इतक्या गोळ्या लिहिल्या, इतके कागद केले, तर घरात बाई पडली की काय करायचं हे आधी सांगायला कुणाची जीभ झडली होती? लोह खा, उपास सोड, विचार करू नको, हे सांगायला सगळ्यांना तोंड होतं. मी काय, तांब्या घेऊन बसले. तांब्याने कुणाचं हृदय चालू होतं? मला चीड कुणाची येते ते मलाच धड कळत नाही. कधी त्यांची येते. पण फिरून फिरून तुझीच येते. मी उठतंय ना, म्हणाली होतीस. मी तुझ्यावर विश्वास ठेवला. बाकी कुणावर ठेवला नाही, तुझ्यावर ठेवला.

भावजी गणपतीला यायचे ते चार दिवस आधी आले. मखर पोटमाळ्यावरच राहिलं. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरणीचा मला फोन आला. ती फोनवर आधी नुसती नाक ओढत होती. मग म्हणाली, मामा पोहताना गेला, आई अशी गेली, मुलीला तपासायलाच हवं, उशीर करू नका.

मी ते भावजींच्या कानावर घातलं, तर त्यांनी हात जोडले. वैनी, आता ते उकरू नका, पोरीचं जमत आलंय, असलं काही छातीला लावलेलं पलीकडच्यांना कळलं तर उद्या दारात कोण येईल? ते वाईट नाहीत. तुझे कपडे छातीशी धरून ते पडवीत बसलेले मी पाहिलेत. पण मी बोलले. मनाई संपलेली होती, मी चांगल्या मोठ्या आवाजात बोलले.

"भावजी, पोर राहिली तर लग्न."

ते त्या दोन चिऱ्यांवर बसले आणि पोरासारखे रडले. आणखी एक मला बघवणार नाही, म्हणाले. मी म्हटलं, म्हणूनच नेते. मग त्यांनी अडवलं नाही.

तर परवा प्रणालीला मशीन लावून आणलं. तिला कधी चक्कर आलेली नाही. डॉक्टरणीने तिचाही कार्डिओग्राम बराच वेळ बघितला. मग मला आतल्या खोलीत नेऊन उशीवर छाती कशी दाबायची ते शिकवलं. माझे तळहात दुखेपर्यंत करून घेतलं. मीही तिच्याकडून प्रणालीसमोर मोठ्याने वदवून घेतली, दोन्ही वाक्यं. अंघोळ नाही. कामं सगळी.

काल सकाळी तुझी पोर चुलीपासून हातभर लांब उभी राहिली. कंपनीत जाते, फोनवर सगळं जग बघते, आणि उभी कशी, तर तुझ्यासारखी, पदर नाही तर ओढणी सावरत. "काकी, पारोशी आहे मी."

"पेटव."

"आईने..."

"आईने नाही पेटवली. पेटव म्हणतंय ना."

तिने पेटवली. तुझ्या फोटोपुढचा दिवाही मी तिलाच लावायला लावला, पारोशा हाताने. विटाळ होत असेल तर तुला होऊ दे, मला त्याची पर्वा नाही. मग तिला गोठ्यात पाठवली, विहिरीवर पाठवली, घाटी उतरून मळ्यात नेली आणि चढायला लावली. मी मागे मागे, रिकाम्या हाताने, तळवे मोकळे ठेवून. बाया आल्या केळी घेऊन. त्यांना गेटातूनच परतवून लावलं. बघण्यासारखं काही नाही म्हटलं, पोर कामात आहे.

संध्याकाळी मिरकरवाड्याचा बांगडा आला टेम्पोवर. प्रणालीने कालवण टाकलं आणि तिरफळं ठेचायला घेतली. अख्खी घालतात, मी म्हटलं. आई ठेचायची, ती म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या आईला काय कळतंय. तिने वाटी आपटली. आणि मग काय झालं मला ठाऊक नाही, मी म्हटलं, "एवढं होतं तर मांडायची होती वेगळी चूल. का मांडायची होती ते तरी सांगून जायचं होतं."

"मला काय विचारतेस?" ती ओरडली. तुझाच आवाज. "तिला विचारायचं होतंस!"

तिचा चेहरा लाल झाला होता, छाती धपापत होती, आणि कमरेला ती डबी होती. मी आवाज खाली आणला. सवयच झालीय मला. मी पळीकडे बघायला लागले, बरं बाई, ठेच, असं काहीतरी पुटपुटले.

"आता गप्प नको बसू, काकी," ती म्हणाली. "आई मला सांगायची, तुझी काकी आता परक्यासारखी गोड बोलते म्हणून. रडायची. बोल की."

मी बोलले, सुनंदा. तुझ्या चिऱ्यांवरून बोलले, तुझ्या साखरेवरून, चिमट्यावरून, तू ढकललेल्या तारखेवरून, चवळीवरून, सगळं त्या पोरीला बोलले, आणि तिने एकाही शब्दाला खाली पाहिलं नाही. एकाला दोन दिले. खालच्या वाडीत ऐकू गेलं म्हणतात. कालवण करपलं. रिपोर्ट यायचा आहे. पण मी बोलता बोलता सारखी तिच्या पायांकडे बघत होते, आणि ती उभी होती.